पांढरीची भिंत

औसा-निलंगा भागातल्या जुन्या गावठाणात उरलेली एखादी घरभिंत बघा. काळ्या दगडाचे ओबडधोबड धोंडे, सांध्यांत पांढऱ्या मातीचा चिखल, खाली शेणाने सारवलेला हातभर पट्टा आणि त्यावर सारवणाऱ्या बाईच्या बोटांचे फराटे. ही भिंत कार्टूनपटासाठी संगणकात उभी करायची म्हटली तर आकाराला फार वेळ लागत नाही. एक लांबोडका ठोकळा पुरतो. खरं काम पुढे असतं. त्या ठोकळ्याला कातडी चढवावी लागते आणि या कातडीला संगणकावर काम करणारे ‘टेक्स्चर’ म्हणतात. भिंतीचा फोटो काढून ठोकळ्यावर डकवला तरी चालतं. पण काही चित्रकार फोटो बाजूला ठेवतात आणि एकेक धोंडा हाताने रंगवतात. ही रंगवण्याची रीत कुठून आली?

संगणकाच्या फार आधीपासून ही रीत मराठवाड्यात आहे. अजिंठ्याच्या कारागिरांनी खडबडीत कातळावर आधी मातीचा गिलावा चढवला. माती धरून राहावी म्हणून त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळले. वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग गेरू, पिवळी माती, काजळ असे रंग लावले. काही लेण्यांची छतं तर अशी रंगवली आहेत, की वर कापडी चांदवा ताणून बांधलाय असं वाटावं. खाली कातळ आणि वर कापड. एका पृष्ठभागाला दुसऱ्याचं सोंग द्यायचं, हे टेक्स्चरचं सगळं काम तिथे पंधराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेलं आहे.

पुढे हेच सोंग नाटकाच्या पडद्यावर आलं. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबुराव पेंटर पडदे रंगवायचे. सपाट कापडावर राजवाडा, अरण्य, रस्ता असं उभं करायचे, की शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही खोली जाणवावी. बाबुरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले आणि फत्तेलाल तयार झाले. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली तेव्हा हाच हात तिच्या नेपथ्याला लाभला. चित्रपटाच्या स्टुडिओत लाकूड आणि प्लास्टर रंगाच्या जोरावर दगड होऊन उभे राहत. १९३४च्या सुमारास प्रभातने ‘जंबूकाका’ नावाचा कार्टूनपटही केला.

कार्टूनपटात मात्र एक अडचण होती. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. हलणारं पात्र पारदर्शक तावांवर पुन्हा पुन्हा काढावं लागतं. त्याच्या अंगावर प्रत्येक वेळी तसेच फटकारे, तशाच छटा उठवायच्या म्हटलं तर माणसं थकतात, आणि दोन चित्रांत छटा जराशी हलली तरी पडद्यावर अंग थरथरतं. म्हणून पात्र सपाट रंगाचं ठेवायचं, एक रेघ आणि आत एक रंग. मागचं झाड, डोंगर, घर हे दृश्यभर तेच राहतं, त्यामुळे ते एकदाच आणि जीव ओतून रंगवायचं. पात्र एका जातीचं आणि पार्श्वभूमी दुसऱ्या जातीची, अशी फाळणी कार्टूनपटात पडली ती खर्चामुळे.

मुंबईत फिल्म्स डिव्हिजनने १९५६ साली कार्टून विभाग सुरू केला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. राम मोहन त्या पहिल्या शिष्यांपैकी एक. १९५७चा ‘द बनियन डिअर’ ही तिथली सुरुवातीची कृती. कथा जातकातली आणि चित्रांची ढब अजिंठ्यावरून घेतलेली. लेण्यातलं हरीण हलायला लागलं. पण भिंतीच्या रंगाचं ते खरखरीत अंग त्याच्याबरोबर पडद्यावर आणणं त्या काळच्या पद्धतीत परवडणारं नव्हतं.

ही फाळणी मिटवायची किल्ली अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात सापडली. एड कॅटमल या विद्यार्थ्याने १९७४च्या आपल्या प्रबंधात सपाट चित्र वक्र पृष्ठभागावर कसं चढवायचं याचं गणित मांडलं. हेच कॅटमल पुढे पिक्सारचे अध्यक्ष झाले. कार्टूनवाल्यासाठी या गणिताचा अर्थ सोपा होता. कातडी एकदाच रंगवायची, मग पात्र कितीही नाचवा, रंग अंगाला चिकटून राहतो. जे लाड फक्त मागच्या झाडाचे व्हायचे ते आता हरणाचेही होऊ शकत होते.

काम शिंप्यासारखं आहे. हरणाची आकृती उभी केली, की कुठे कापायचं ते ठरवावं लागतं. पोटाखालून, पायाच्या आतून, जिथे शिवण दिसणार नाही तिथून. मग कातडी उलगडून सपाट पसरायची, त्या तुकड्यांवर रंगवायचं आणि पुन्हा अंगावर चढवायचं. बेतताना चूक झाली तर भिंतीवरचे धोंडे कोपऱ्यापाशी ताणले जातात, अगदी चुकीच्या मापाच्या सदऱ्यासारखे.

दरम्यान दुसराही प्रवाह निघाला. ‘ट्रॉन’ या १९८२च्या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांना संगणकी चित्रांचा गुळगुळीतपणा खटकला. त्यांनी सूत्रातून दगड, ढग, संगमरवर यांचा खडबडीतपणा निर्माण केला आणि १९८५ साली ते प्रसिद्ध केलं. आता हाताची गरजच काय, असं वाटावं अशी ही गोष्ट.

हाताला वाचवलं ते यंत्रांच्या गरिबीने. १९९६च्या निन्टेंडो ६४ या खेळयंत्रात टेक्स्चरसाठी हाताशी जागा होती ४ किलोबाइट. सोळा बिटांच्या रंगात ६४ बाय ३२ ठिपक्यांचं चित्र ठेवलं, की ती भरली. एवढ्या जागेत फोटो म्हणजे नुसता चिखल. शिवाय उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते हे हिशेब त्या यंत्रांना फारसे झेपत नसत. मग चित्रकारच कातडीवर सावली रंगवून ठेवी. धोंड्याच्या वरच्या कडेला उजळ रेघ, खाली गडद कड, सांध्यात जराशी निळसर काळोखी, भिंतीच्या पायथ्याशी सगळाच रंग एक हात खाली उतरवलेला. बारीक खडे शंभर काढण्यापेक्षा एकच मोठी भेग ठसठशीत काढायची. २००४चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ या रीतीने रंगवलेला आहे.

फ्लेक्स येण्याआधी नांदेड-लातूरच्या बाजारपेठांत पाट्या रंगवणारे पेंटर नेमकं हेच करत. अक्षराला एका बाजूने गडद शेड मारायची, वरच्या कडेवर पांढरा हात फिरवायचा आणि ‘किराणा व भुसार’ पत्र्यातून वर उठून यायचं. उजेड खरा नसतो, तो पेंटरने ठरवलेला असतो. फ्लेक्सने पाटीवरून हटवलेला तो हात संगणकाच्या पडद्यावर आजही कामाचा आहे.

कारण यंत्रं श्रीमंत झाल्यावरही ही रीत संपली नाही. आता ती गरजेपोटी नाही, आवडीने वापरली जाते. पॅरिसच्या फोर्टिश स्टुडिओने २०२१च्या ‘आर्केन’ मालिकेत पात्रांच्या चेहऱ्यांवर कुंचल्याचे फटकारे मुद्दाम दिसू दिले. फोटो भिंतीवरचं सगळं सारख्याच इमानाने टिपतो, डागही आणि धूळही. रंगवणाऱ्याला मात्र निवडावं लागतं. भिंतीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना ती भिंत त्याला कळते. मला या रीतीची खरी किंमत इथे दिसते.

साधनांची सबबही आता उरलेली नाही. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर २००२पासून सर्वांना खुलं आहे, चित्रं रंगवायचं क्रिताही फुकट मिळतं. उणीव आहे ती आपल्या पृष्ठभागांची. कंधारच्या किल्ल्याची तटबंदी, देगलूरजवळच्या होट्टलच्या मंदिराचा दगड, खरोश्याच्या लेण्यांचा भोकाभोकांचा जांभा, पोळ्याला रंगवलेली बैलाची शिंगं. आपली मुलं कार्टून करायला बसली, की घर मात्र युरोपातल्या विटांचं बांधतात.

आणि ती पहिली भिंत? मराठवाड्यात शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. पांढरीच्या मातीत बसवलेल्या त्या धोंड्यांच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं जड माळवद ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात झोपलेल्या माणसांवर कोसळलं. हजारो माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली आणि नव्या घरांची रीत बदलली. तशा भिंती पुन्हा बांधा असं कुणी म्हणणार नाही, म्हणूही नये. पण त्या भिंतीचे धोंडे, तिची माती, तिच्यावरची बोटं यांना आता चित्राशिवाय दुसरी जागा नाही. तुमच्या गावात अशी एखादी भिंत अजून उभी असेल तर पावसाळा लागायच्या आत वही आणि रंग घेऊन तिच्यासमोर बसा.