राणीचं भूत आणि भिंतीवरचं ११८९

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावात किल्ल्याच्या कड्याला अगदी पाठ टेकून एक पांढऱ्या भिंतींचा पब उभा आहे. नाव 'ये ओल्ड ट्रिप टू जेरुसलेम'. भिंतीवर ठळक आकडा रंगवलाय: इ.स. ११८९. म्हणजे सिंहहृदयी रिचर्ड गादीवर आला ते वर्ष. धर्मयुद्धाला निघालेले शिपाई म्हणे इथे दोन घोट घेऊन पुढे जात.

ऑनसाइटला असताना मी एका शनिवारी हा पब बघून आलो. वरच्या मजल्यावर 'शापित गलबत' आहे. लाकडी जहाजाची ही प्रतिकृती ज्या शेवटच्या तिघांनी पुसली, ते तिघंही वर्षभरात गेले, अशी दंतकथा. त्यामुळे तिच्यावर धुळीची पुटंच्या पुटं चढली आणि शेवटी तिला काचेत बंद केलं. साफसफाई टाळायला इतकं भारी कारण मी तरी ऐकलं नव्हतं!

आता आकड्याबद्दल. कॉमेंटमध्ये काहीही लिहिलेलं असो, आपण कोड बघतो ना? इथला कोड म्हणजे लाकूड. तुळयांमधली वाढीची वलयं मोजली तेव्हा इमारत निघाली साधारण १६५० नंतरची. मागच्या गुहा मात्र खरंच जुन्या. नॉटिंगहॅमचा वालुकाश्म इतका मऊ, की साध्या हत्यारांनी खोदता येतो. शहराखाली अशा ८०० हून जास्त गुहा आहेत. आत बारा महिने गारवा, त्यामुळे बिअर साठवायला उत्तम.

पण मला खरी चुटपुट लावली ती वरच्या किल्ल्यातल्या भुताच्या गोष्टीने. राणी इझाबेलाने नवरा दुसरा एडवर्ड याला १३२७ मध्ये पदच्युत केलं आणि रॉजर मॉर्टिमरच्या साथीने राज्य चालवलं. १९ ऑक्टोबर १३३० च्या रात्री तिचाच मुलगा तिसरा एडवर्ड, वय वर्षं १७, याची माणसं भुयारातून किल्ल्यात शिरली आणि मॉर्टिमरला पकडलं. २९ नोव्हेंबरला त्याला लंडनमध्ये टायबर्नला फाशी दिलं. तेव्हापासून म्हणे इझाबेलाचं भूत तिथे आक्रोश करत फिरतं. दुसऱ्या एका किल्ल्यात, कासल रायझिंगला, ती वेडी होऊन ओरडत मेली असंही सांगतात.

प्रत्यक्षात काय झालं? थोडे दिवस नजरकैद, आणि मग ही बाई तब्बल २८ वर्षं जगली. तीही थाटात! कासल रायझिंगला राहायची, मुलाने दिलेलं घसघशीत उत्पन्न होतं, दागिने आणि पुस्तकांची आवड होती. १३५८ मध्ये हर्टफर्डला वारली.

मग वेडी कुठून आली? मला वाटतं, नवऱ्याचं राज्य घालवणाऱ्या बाईला पुढे चांगले दिवस आले, हे लोकांच्या पचनी पडलं नसावं. इतिहासाने शिक्षा केली नाही, म्हणून गोष्टीने केली. गलबताच्या गोष्टीत कुणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र एका खऱ्या माणसाची २८ वर्षं पुसली जातात.

असो. तुम्ही कधी गेलात तर गुहेत बसून गोष्टी जरूर ऐका, मजा येते. फक्त भूत रडायला लागलं, की तो माणूस खरा कधी आणि कसा गेला, हे एकदा शोधून बघा.