काम येथे, मालक तेथे : संगणक-व्यवसायाच्या इतिहासाची एक बाजू

मालाची ने-आण करणारा व्यापार आपल्या किनाऱ्याला नवा नाही. मुंबई बंदरातून कापूस लँकेशायरला गेला आणि तेथील गिरण्यांचे कापड परत आपल्याच बाजारात आले. माणसांची ने-आणही आपण पाहिलेली आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडील कितीतरी कुटुंबे करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेली. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात. परंतु मालही हलत नाही, माणूसही हलत नाही, आणि तरीही एका देशाचे काम दुसऱ्या देशात पार पडते, हा प्रकार मात्र गेल्या अर्धशतकातलाच होय. त्याला ऑफशोअर आउटसोर्सिंग असे भारदस्त नाव आहे. साध्या भाषेत सांगावयाचे तर अमेरिकेतल्या बँकेचे, इस्पितळाचे किंवा दुकानाचे संगणकावरील काम पुण्यात अगर बंगळूरला बसून करून देणे.

या व्यवसायाचा इतिहास बहुधा उलाढालीच्या आकड्यांनी सांगितला जातो. त्याची दुसरी एक बाजू आहे आणि शिक्षक या नात्याने मला तीच अधिक महत्त्वाची वाटते. एकमेकांना कधी न पाहिलेली, वेगळ्या रीतीभातींत वाढलेली माणसे एकाच कामाला लागली, तेव्हा एकमेकांना समजून घेण्यासाठी कोण किती वाट चालून गेले, हा तो प्रश्न आहे.

या इतिहासाच्या आरंभीच एक मोठा बोलका प्रयोग आहे. अमेरिकेत शिकलेले नरेंद्र पटनी आणि त्यांच्या पत्नी पूनम हे दांपत्य 1970 नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे राहत होते. अमेरिकेतील छापील मजकूर संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याचे काम भारतात स्वस्तात होईल, अशी त्यांची कल्पना होती. हे जमेल की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी आपल्या राहत्या घरातली एक खोली अमेरिका मानली आणि दुसरी भारत. नियम एकच. या खोलीतून त्या खोलीत तोंडाने बोलावयाचे नाही. सांगावयाचे ते कागदावर लिहूनच पाठवावयाचे. टपालाच्या आणि महागड्या ट्रंककॉलच्या त्या काळात हा नियम अगदी व्यवहाराला धरून होता. पुढे हे काम पुण्यात सुरू झाले. यंत्रावर मजकूर टंकलिखित करून त्याच्या भोके पाडलेल्या कागदी फिती अमेरिकेला रवाना होऊ लागल्या. खोल्यांचा हा खेळ वाचताना हसू येते, पण त्यात पुढच्या सर्व अडचणींचे मूळ दिसते. तोंडी बोलण्यात आपण चेहरा पाहतो, सूर ओळखतो आणि न बोललेलेही समजून घेतो. कागदावर यांतले काहीच जात नाही.

त्याच सुमारास मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही 1968 साली निघालेली संस्था फकीरचंद कोहली यांच्या हाताखाली परदेशी काम शोधू लागली होती. परकीय चलनाची तेव्हा एवढी टंचाई होती, की परदेशी संगणक आणावयाचा तर त्याच्या बदल्यात ठराविक मुदतीत ठराविक निर्यात करून दाखवीन असे सरकारला लिहून द्यावे लागे. अशा अटीवर 1974 साली टाटांनी अमेरिकेच्या बरोज कंपनीचा संगणक मागविला. तो येण्याआधीच बरोजचे काम हाती आले. एका इस्पितळाच्या कारभाराचे प्रोग्रॅम बरोजच्याच दुसऱ्या जातीच्या संगणकासाठी बदलून द्यावयाचे होते. आणि मुंबईतल्या मंडळींनी ते हाताशी असलेल्या एका ब्रिटिश बनावटीच्या संगणकावर केले.

यंत्राची अडचण बुद्धीने सुटते, परंतु अमेरिकन इस्पितळाचा हिशेब ही निव्वळ यंत्राची गोष्ट नव्हे. तेथे रोग्याचे बिल बहुतेक वेळा विमा कंपनीकडे जाते. आपल्याकडे सामान्य माणसाला घेता येईल अशी मेडिक्लेम योजना 1986 साली आली. म्हणजे जो व्यवहार आपल्या घरात, शेजारात कोणी केलेला नाही, त्याचे नियम केवळ वाचून आत्मसात करावयाचे. संस्कृती म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सण, पोशाख आणि खाणेपिणे येते. पण या धंद्यात ती बिलाच्या नमुन्यात आणि तारखेच्या रकान्यातही दडून बसलेली असते. 7/4 असे लिहिले तर आपण 7 एप्रिल वाचतो, अमेरिकन माणूस 4 जुलै वाचतो. आपण स्वल्पविराम लाखावर देतो, तो दशलक्षावर देतो. नावाचेही तसेच. तेथील प्रत्येक अर्जात पहिले नाव आणि आडनाव असे दोन रकाने असतात, आणि आपल्या देशात तर आडनाव लावण्याची पद्धतच नसलेली घराणी अनेक आहेत. अमेरिकेच्या व्हिसावर अशा माणसांच्या पहिल्या नावाच्या जागी एफएनयू ही अक्षरे छापली जातात. त्यांचा अर्थ 'पहिले नाव अज्ञात' असा आहे. आईबापांनी हौसेने ठेवलेले नाव असे एका फटक्यात अज्ञात होऊन जाते!

पुढचा घटनाक्रम थोडक्यात सांगतो. 1973 साली मुंबईत अंधेरीला सीप्झ हा निर्यातीसाठीचा विभाग सुरू झाला. 1978 साली आयबीएम ही बलाढ्य कंपनी सरकारच्या अटी न पटल्यामुळे भारत सोडून गेली आणि देशी कंपन्यांना मोकळे रान मिळाले. आपल्या जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे 1945 साली महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाचा कारखाना काढला होता. त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी यांनी त्याच विप्रो कंपनीला या सुमारास संगणकाकडे वळविले. 1981 साली पटनींच्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात अभियंत्यांनी पुण्यात 10,000 रुपये भांडवलावर इन्फोसिस काढली. तिचे पहिले गिऱ्हाईक न्यूयॉर्कचे होते, आणि सातांपैकी बहुतेकांना त्या कामासाठी अमेरिकेतच जाऊन राहावे लागले. त्या काळी बहुतेक कंपन्यांची रीत हीच होती. काम येथे येत नसे, माणूसच तेथे पाठवावा लागे.

1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने बंगळूरला केंद्र काढले आणि उपग्रहामार्फत ते आपल्या मुख्यालयाशी जोडले. सरकारने 1984 व 1986 साली धोरणे सैल केली. पुढे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क निघाले, त्यांपैकी अगदी पहिल्या तिघांत पुणे होते. आता पटनींच्या त्या दोन खोल्यांमधील भिंत जणू काचेची झाली. न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास चालते. तिकडे निजानीज झाली की इकडे काम सुरू व्हावे, आणि सकाळी साहेबाच्या टेबलावर ते तयार असावे. 2000 साल जवळ आले तेव्हा जुन्या प्रोग्रॅममधील दोन आकडी वर्षे दुरुस्त करण्याचे किचकट काम जगभर निघाले आणि ते आपल्या तरुणांनी मोठ्या प्रमाणावर उपसले.

बोलणे वाढले तशी गैरसमजाची संधीही वाढली. परदेशी व्यवस्थापकांची सर्वांत जुनी तक्रार एका शब्दाविषयी आहे, आणि तो शब्द म्हणजे 'हो'. शुक्रवारपर्यंत काम होईल का? हो. ही पद्धत बरोबर वाटते का? हो. शुक्रवार उजाडतो आणि काम अर्धेच असते. त्यांच्या लेखी हा शब्द वचन असतो. आपल्या लेखी पुष्कळदा त्याचा अर्थ 'तुमचे म्हणणे ऐकले' एवढाच, आणि कधीकधी तर 'वडीलधाऱ्याला नाही कसे म्हणू?' असाही असतो.

विद्वानांनी याची मोजदाद करण्याचा प्रयत्न केला आहे. गेर्ट हॉफस्टेड या डच संशोधकाने 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांनी भरून दिलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नपत्रिका तपासून 1980 साली आपला ग्रंथ काढला. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर माणसे किती सहज मान्य करतात याचे त्याने गुणांक दिले. भारत 77, जपान 54, अमेरिका 40, ब्रिटन 35. गंमत अशी, की ग्रंथ निघाला तेव्हा आयबीएम भारतातून निघून गेलेली होती! हे आकडे नंतर परदेशी व्यवस्थापकांच्या शिकवणी वर्गांत फार वापरले गेले. 2002 साली ब्रेंडन मॅक्स्वीनी यांनी त्यावर कडक टीका केली. एकाच कंपनीच्या नोकरवर्गावरून अख्ख्या राष्ट्राचा स्वभाव ठरविता येत नाही, हा तिचा रोख होता, आणि तो मला योग्य वाटतो. गुणांक घेऊन कोणी जन्माला येत नाही.

मग हा 'हो' येतो कोठून? माझ्या मते त्याचे उत्तर बंगळूरच्या काचेच्या इमारतींत शोधण्यापेक्षा आपल्या शाळांत शोधावे. गणित फळ्यावर सोडवून झाले की आम्ही शिक्षक विचारतो, "समजले का?" आणि पन्नास तोंडांतून एकसुरात उत्तर येते, "हो सर." त्यांतील वीस जणांना समजलेले नसते, हे आम्हांलाही ठाऊक असते आणि त्यांनाही. तरी सर्वजण वही मिटतात. जो मुलगा उभा राहून "सर, तिसरी पायरी कळली नाही" असे म्हणतो, त्याला आपण शाबासकी किती वेळा देतो? बारा वर्षे हा सराव झालेला तरुण पुढे लंडनच्या साहेबासमोर निराळे वागेल ही अपेक्षाच चुकीची आहे. ब्रिटिश व्यवस्थापकाला आपली चूक दाखविणारा सहकारी हवा असतो. आमच्या मुलाने चूक पाहिलेली असते, पण ती दाखविणे त्याला उद्धटपणाचे वाटते.

कंपन्यांनी यावर काढलेला तोडगा इतिहासाच्या दृष्टीने मोठा लक्षणीय आहे. त्यांनी सारेच कागदावर आणले. रोजचा अहवाल, प्रत्येक पायरीची तपासणी, प्रत्येक चुकीची नोंद. 1990 नंतरच्या दशकात मोटोरोलाच्या बंगळूर केंद्राने कार्यपद्धतीच्या अमेरिकन मापनात सर्वोच्च अशी पाचवी पातळी गाठली, तेव्हा जगात तेथवर पोहोचलेल्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. जो मनुष्य साहेबाच्या तोंडावर 'नाही' म्हणू शकत नव्हता, त्याला 'नाही' लिहिण्यासाठी एक रकाना मिळाला. पटनींचा जुना नियम असा मागच्या दाराने परत आला.

कॉल सेंटरची गोष्ट मात्र निराळी आणि काहीशी खिन्न करणारी आहे. 1996 साली ब्रिटिश एअरवेजने मुंबईत, 1997 साली जनरल इलेक्ट्रिकने गुरगावला अशी केंद्रे काढली. येथे लिहिण्याचा आडोसा नव्हता. आवाज हेच काम होते. तरुण मुलामुलींना उच्चार बदलावयास शिकविले गेले. बेसबॉलचे नियम, तेथील हवामान, तेथील सुट्ट्या पाठ करविल्या गेल्या. अनेक ठिकाणी नावेही बदलण्यात आली; घरी एक नाव आणि रात्री फोनवर दुसरेच. दिवसा झोप, रात्री काम, आणि दिवाळी-ईदपेक्षा नाताळची सुट्टी महत्त्वाची. एवढे करूनही पलीकडची माणसे पुष्कळदा रागावलेलीच असत. 2003 साली डेल कंपनीने काही गिऱ्हाइकांचे फोन बंगळूरहून पुन्हा अमेरिकेकडे वळविले, आणि 2006 साली पॉवरजेन या ब्रिटिश वीज कंपनीने भारतातील कॉल सेंटर बंद केले. दोन्ही वेळा गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे कारण पुढे आले. 'सांस्कृतिक फरक' हा शब्द दोन्ही बाजूंना सारखा लागू असावा असा दिसतो, परंतु फोनच्या त्या टोकाला कोणी मराठी हवामान पाठ केल्याचे ऐकिवात नाही. ज्याला कामाची गरज होती, तोच बहुतेक वाट चालून गेला.

तरीही ही वाट नेहमी सारखीच राहिली असे नाही. बंगळूरचे एस. कृष्णा, ओस्लोचे सुंदीप साहाय आणि केंब्रिजचे जेफ वॉल्शॅम या तिघा अभ्यासकांनी 2004 साली या विषयावर एकत्र लेख लिहिला. पाश्चात्त्य गिऱ्हाईक सुरुवातीलाच सर्व गोष्टी काटेकोर लिहून घेते, तर जपानी गिऱ्हाईक काम चालू असताना बोलत-बोलत त्याला आकार देत जाते, असा भेद त्यांनी नोंदविला आहे. म्हणजे अमेरिकनांबरोबर वावरताना जी शिस्त आपल्या मंडळींनी कष्टाने अंगी बाणविली, तीच जपानी माणसापुढे अपुरी पडू लागली. तेथे कागद पुरत नाही आणि इंग्रजीही पुरत नाही.

यासाठी जपानी व्यवसायात एक खास माणूस नेमण्याची प्रथा आहे. त्याला ब्रिज एसई, म्हणजे पुलाचे काम करणारा अभियंता, असे म्हणतात. त्याला संगणक तर यावा लागतोच, शिवाय जपानी भाषा यावी लागते. आणि समोरचा गृहस्थ 'जरा कठीण आहे' असे म्हणतो तेव्हा त्याला 'होणार नाही' असे म्हणावयाचे आहे, हे ओळखता यावे लागते. आडून नकार ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या माणसाला हे शेवटचे तितकेसे अवघड जाऊ नये. पुण्यात जपानी शिकविण्याची परंपरा या धंद्याच्या भरभराटीहून जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये कितीतरी मराठी मुलामुलींनी त्या लिपीची अक्षरे गिरविली आहेत. 2014 साली टाटा कन्सल्टन्सीने जपानच्या मित्सुबिशीबरोबर भागीदारीत कंपनी काढली आणि 2015 साली केवळ जपानी गिऱ्हाइकांसाठी एक केंद्र सुरू केले. त्यासाठी त्यांनी जागा निवडली ती पुण्यातलीच.