सहा फुटांचा एक इंच

खोक्यावरच्या चित्रात एक विमान ढगांतून झेपावत असते. खोके उघडले की मात्र विमान कुठेच दिसत नाही. दिसते ती प्लास्टिकची एक चौकट आणि फांदीला चिंचा लटकाव्यात तसे तिला लटकलेले पंचवीस-तीस तुकडे. पंखांचे वरचे-खालचे भाग, धडाच्या दोन फाका, चाके, पुढचा पंखा आणि बसलेल्या स्थितीतला एक इवलासा वैमानिक. सोबत जोडणीची आकृती आणि पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा कागद. १९५० आणि १९६० च्या दशकांत इंग्लंड-अमेरिकेतल्या लाखो मुलांनी सुट्टीच्या दुपारी असे संच जोडले. आज तेच संच जुन्या वस्तूंचे शौकीन शोधून शोधून विकत घेतात.

हा तर मुलांचा खेळ, इतिहासाच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकाने त्यात लक्ष घालावे असे काय आहे? आपण ब्रिटनच्या 'स्पिटफायर' या लढाऊ विमानाचा एक जुना संच जोडायला घेऊ आणि जोडता जोडता तीन साधे प्रश्न विचारू. हे विमान एवढ्याच आकाराचे का? ते याच प्लास्टिकचे का? आणि त्यावर हेच रंग का? तिन्ही उत्तरांचा माग काढत गेले, की आपण दुसऱ्या महायुद्धापाशी जाऊन पोहोचतो.

आकार एवढाच का?

संचाच्या खोक्यावर १:७२ हे प्रमाण छापलेले असते. खऱ्या स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार ३६ फूट १० इंच, म्हणजे ४४२ इंच. त्याला ७२ ने भागले की सुमारे ६.१ इंच येतात. आपली प्रतिकृती साडेपंधरा सेंटिमीटर रुंद होणार. पण ५० नाही, १०० नाही, ७२ च का? दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना हा आकडा विचित्र वाटेल. फूट-इंचात विचार करणाऱ्याला तो सरळ आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. सहा फुटी माणूस एक इंचाचा करायचा, की बाकीचे सारे आपोआप ठरते.

हे प्रमाण ब्रिटनमधल्या लाकडी प्रतिकृतींत १९३० च्या दशकात रूढ झाले. १९३६ मध्ये 'फ्रॉग' या नावाने खेळण्यातली उडणारी विमाने विकणाऱ्या उत्पादकांनी त्याच मापाचे प्लास्टिकचे जोडसंच बाजारात आणले. ही विमाने उडत नसत, म्हणून त्यांचे नाव 'पेंग्विन' ठेवले होते!

मग युद्ध सुरू झाले आणि या खेळण्याला भलतेच काम लागले. ब्रिटन युद्धात उतरल्यानंतर तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, जमिनीवरून मिळालेल्या चुकीच्या सूचनेमुळे स्पिटफायर विमानांची एक तुकडी 'शत्रू'वर तुटून पडली. तिने दोन विमाने पाडली. ती दोन्ही ब्रिटनचीच 'हरिकेन' विमाने होती आणि त्यांतला एक वैमानिक मरण पावला. स्पिटफायरने युद्धात पाडलेली ही पहिली विमाने. ताशी तीनशे मैलांनी जाणारे विमान दिसते क्षणभर, आणि तेवढ्यात ते आपले की परके हे ठरवायचे असते. ही ओळख पुस्तकातल्या चित्रावरून पक्की होत नाही, कारण चित्र एकाच बाजूचे असते. वस्तू हातात घेऊन, फिरवून, सगळ्या बाजूंनी पाहावी लागते.

म्हणून १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने देशाच्या शिक्षण विभागामार्फत शाळांना एक काम दिले. आपल्या आणि शत्रूच्या मिळून ५० प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी १०,००० प्रतिकृती हव्या होत्या. एकूण पाच लाख! शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत मुलांनी नकाशे आणि पुठ्ठ्याचे साचे लावून लाकूड कोरले. प्रमाण १:७२ आणि रंग एकच, काळा. आकाशाच्या उजेडासमोर विमानाचा रंग कळत नाही, कळते ती बाह्याकृती. तीच डोळ्यांत बसावी हा त्यामागचा हेतू.

यातले गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. प्रतिकृती ३५ फुटांवर टांगली तर ती किती अंतरावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसेल? ३५ गुणिले ७२ म्हणजे २५२० फूट, जवळजवळ अर्धा मैल. वस्तू ७२ पट लहान आणि अंतरही ७२ पट कमी, म्हणजे डोळ्याशी होणारा कोन तोच. स्पिटफायरच्या बाबतीत हा कोन साधारण ०.८ अंश भरतो. पूर्ण चंद्राचा कोन अर्धा अंश असतो. म्हणजे अर्ध्या मैलावरचे अख्खे विमान चंद्राच्या दीडपटीहून थोडेसेच मोठे दिसते. तेवढ्यावरून तोफ डागायची की नाही हे ठरवायचे! शाळेच्या मैदानावर पुठ्ठ्याची दोन विमाने कापून हा प्रयोग सहज करता येईल. किती विद्यार्थ्यांना ती अचूक ओळखता येतात, याची नोंद ठेवावी.

प्लास्टिक हेच का?

युद्धापूर्वीचे पेंग्विन संच सेल्युलोज ॲसिटेटचे होते. युद्धकाळात प्रशिक्षणासाठी कारखान्यांत घडवलेल्या अनेक प्रतिकृतीही त्याच पदार्थाच्या होत्या. हे प्लास्टिक वर्षानुवर्षांत आक्रसते आणि वाकते. त्यामुळे संग्रहात उरलेल्या त्या काळच्या विमानांचे पंख आज अनेकदा मुरडलेले दिसतात. आपल्या हातातला संच मात्र पॉलिस्टायरिनचा आहे.

पॉलिस्टायरिन युद्धापूर्वीच तयार होऊ लागले होते, पण थोड्या प्रमाणात. मग जपानने मलाया घेतला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. आग्नेय आशियातून अमेरिकेला मिळणारे नैसर्गिक रबर बंद झाले. ट्रक, विमाने, तोफा यांच्या चाकांना रबर तर हवेच. तेव्हा अमेरिकेने कृत्रिम रबराचे प्रचंड कारखाने उभारले. हे रबर साधारण तीन भाग ब्यूटाडाइन आणि एक भाग स्टायरिन यांच्यापासून बनत असे. युद्ध संपले, नैसर्गिक रबर पुन्हा मिळू लागले आणि स्टायरिन तयार करण्याची अवाढव्य क्षमता शिल्लक राहिली. स्टायरिनचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळी केली की पॉलिस्टायरिन होते. ते स्वस्त झाले आणि त्यातून कंगवे, डबे, खेळणी यांचा पूर आला.

'एअरफिक्स' या ब्रिटिश नाममुद्रेची कथा याच काळातली. हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये हा व्यवसाय सुरू केला. आधी हवेने फुगवायची रबरी खेळणी आणि युद्धानंतर प्लास्टिकचे कंगवे हा त्यांचा माल होता. कंगव्यांसाठी त्यांच्याकडे इंजेक्शन मोल्डिंगचे यंत्र होते. त्यावर १९४९ मध्ये फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती निघाली. १९५२ मध्ये 'गोल्डन हाइंड' या जहाजाचा संच निघाला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकला जाई. थोड्याच वर्षांत त्याच मार्गाने स्पिटफायरही आले.

या यंत्रात प्लास्टिकचे दाणे सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पातळ करतात आणि मोठ्या दाबाने पोलादी साच्यात ढकलतात. रस ज्या वाटांनी साच्यात शिरला त्या वाटाच थिजून आपली चौकट बनते. साचा जुना झाला, की त्याच्या दोन भागांच्या फटीत रस शिरतो आणि तुकड्याच्या कडेला पातळ पापुद्रा येतो. जाड भाग थंड होताना आकसला, की तिथे खळगा पडतो. म्हणजे संचाकडे नीट पाहिले तर तो साच्याच्या वयाविषयीही बोलतो.

जोडणीपूर्वी तुकडे साबणाच्या पाण्याने धुवावेत, कारण त्यांवर साच्यातले तेल असते. ते चौकटीपासून पिरगळून न तोडता पातीने कापावेत. वाकलेला पंख गरम पाण्यात धरून हळूच सरळ करता येतो, कारण पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास मऊ पडते. चिकटवायचा पदार्थही खऱ्या अर्थाने गोंद नाही. तो द्रावक आहे. दोन्ही कडा तो विरघळवतो, दोन्हीकडच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत शिरतात आणि द्रावक उडून गेला की सांधा एकजीव होतो. हे काम खिडक्या उघड्या ठेवून आणि मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे, त्या वाफा श्वासात जाणे चांगले नाही. उरलेल्या फटींत लांबी भरून ती पॉलिश पेपरने घासावी.

घासताना जुन्या संचाची एक चूक लक्षात येते. पंखांवर रिव्हेटचे उठावदार ठिपके दिलेले असतात. ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा धरला, तरी खऱ्या विमानावर तो ३६ मिलिमीटरचा, लिंबाएवढा होईल! वास्तविक स्पिटफायरच्या पंखांवर रिव्हेटची डोकी पत्र्याच्या पातळीत बसवलेली होती. त्याने किती फरक पडतो हे तपासताना अभियंत्यांनी सपाट रिव्हेटांवर वाटाण्याच्या डाळी चिकटवून विमान उडवले होते. वेग ताशी वीसेक मैलांनी घटला. मग डाळी थोड्या थोड्या काढत, कुठे सपाट रिव्हेट आवश्यक आहेत आणि कुठे साध्या गोल डोक्याच्या चालतील, हे ठरवले गेले. संचातला ठिपका चुकीचा खरा, पण ती चूक विचारली की हवेच्या रोधाचा धडा मिळतो.

रंग हेच का?

आता रंग. इथेही प्रमाण विसरून चालत नाही. रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर जाड झाला, तर मूळ विमानावर तो सात मिलिमीटरचा लेप ठरेल. म्हणून पातळ रंगाचे दोन-तीन हात द्यावेत आणि आधीचा हात वाळू द्यावा.

पण कोणता रंग? लढाऊ विमानाच्या दोन गरजा परस्परविरोधी असतात. शत्रूला ते दिसू नये आणि मित्राला मात्र चटकन ओळखू यावे. नाकतोडा पानाच्या रंगाचा होऊन लपतो, गांधीलमाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी स्वतःला जाहीर करते. विमानाला दोन्ही व्हावे लागते. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लढाऊ विमाने वरून हिरवी-तपकिरी असत, तर खालून डावा पंख काळा आणि उजवा पांढरा असे. जमिनीवरच्या निरीक्षकासाठी ही खूण होती. १९४० च्या उन्हाळ्यात ती सोडून खालची बाजू फिकट आकाशी-हिरवट केली गेली, म्हणजे लपण्याला महत्त्व आले.

ओळखण्याचा प्रश्न सुटला नव्हताच. ११ जुलै १९४३ च्या रात्री अमेरिकेची १४४ वाहतूक विमाने स्वतःच्याच छत्रीधारी सैनिकांना घेऊन सिसिली बेटाकडे निघाली. थोड्याच वेळापूर्वी तिथल्या दोस्तांच्या जहाजांवर जर्मन विमानांचा हल्ला होऊन गेला होता. भेदरलेल्या तोफांपैकी एकीने गोळी झाडली आणि मग सगळ्याच सुरू झाल्या. २३ विमाने आपल्याच तोफांनी पाडली.

अशा घटनांतून धडा घेऊन, ६ जून १९४४ च्या नॉर्मंडीतल्या चढाईपूर्वी दोस्तांच्या हजारो विमानांच्या पंखांवर आणि धडावर पांढरे-काळे-पांढरे-काळे-पांढरे असे पाच पट्टे रंगवले गेले. गुप्ततेसाठी आदेश अगदी शेवटी दिला गेला. त्यामुळे जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांनी ब्रश घेऊन ते घाईघाईने मारले आणि छायाचित्रांत ते बरेचदा वाकडेतिकडे दिसतात. एका इंजिनाच्या विमानावर पट्टा १८ इंचांचा होता. १८ भागिले ७२, म्हणजे आपल्याला पाव इंच, ६.३५ मिलिमीटर रुंदीची चिकटपट्टी कापावी लागेल. आधी पूर्ण पट्टा पांढरा रंगवावा, तो वाळल्यावर पांढऱ्या जागा झाकाव्यात आणि मग काळा द्यावा.

हे पट्टे म्हणजे जवळजवळ तारीखच आहे. जुलै १९४४ पासून विमानांच्या वरच्या बाजूचे पट्टे काढायला सुरुवात झाली, कारण फ्रान्समधल्या पुढच्या धावपट्ट्यांवर उभी असलेली विमाने त्यांच्यामुळे वरून उठून दिसत. म्हणून वर-खाली पूर्ण पट्टे असलेले स्पिटफायर हे मुख्यतः त्या एका उन्हाळ्याचे विमान. मातीच्या भांड्यावरच्या नक्षीवरून पुरातत्त्वज्ञ काळ ठरवतात, तसेच हे.

पुराव्याकडे सावधपणे पाहण्याचा धडाही इथे मिळतो. त्या काळच्या काही कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशाला संवेदनशील नव्हत्या. त्यांच्यावर लाल रंग काळा उमटे आणि पिवळाही गडद येई. ब्रिटिश चिन्हाभोवतीचे पिवळे कडे अशा छायाचित्रात काळपट दिसते. छायाचित्र खोटे बोलत नाही, पण फिल्मचा स्वभाव ठाऊक नसेल तर आपण ते चुकीचे वाचतो. म्हणून रंग ठरवताना त्या वेळचे लेखी आदेश, छायाचित्रे आणि सापडलेल्या अवशेषांवरचा रंग हे सारे एकमेकांशी ताडून पाहावे लागते.

विमान पूर्ण झाले. वर्गात ते ठेवावे का, असा प्रश्न कोणी शिक्षक विचारतील आणि तो योग्यच आहे. खोक्यावरचे चित्र पराक्रम दाखवते. नुसते चित्र पाहून विमान जोडले, तर मुलांच्या मनात युद्धाचे आकर्षण तेवढे उरेल. पण मापाचे, प्लास्टिकचे आणि रंगाचे 'का' विचारत जोडले, तर त्यांना वेगळेच काही कळते. ज्या पट्ट्यांनी विमान देखणे दिसते, ते पट्टे आपल्याच माणसांच्या हातून आपलीच माणसे मरू नयेत म्हणून आले, हे कळते.

काचेचे झाकण बसवण्यापूर्वी वैमानिकाचा तुकडा आत चिकटवावा लागतो. उभा राहिला असता तर तो एक इंचाचा भरला असता. पुष्कळ मुले घाईत त्याला विसरतात आणि मग झाकण पुन्हा उघडता येत नाही. विद्यार्थ्यांना सांगावे, की तो तुकडा आधी बसवा. सारे गणित सहा फुटांच्या माणसापासूनच सुरू झाले होते.