हार्ट फेल्युअर असताना व्यायाम करावा का?

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदय चालू असते, पण शरीराच्या गरजेइतके रक्त पंप करणे त्याला जमत नाही. त्यामुळे दम लागतो, थकवा येतो, पाय सुजतात. अशा माणसाला घरचे जागचे हलू देत नाहीत, पाण्याचा तांब्याही हातात आणून देतात. काही दशकांपूर्वी डॉक्टरही विश्रांतीच सांगत. आता तब्येत स्थिर असेल तर व्यायाम हा उपचाराचाच भाग मानला जातो.

याचे कारण बरेचसे पायांत आहे. पडून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू झिजतात आणि थोड्याशा चालण्यानेही धाप लागते. व्यायामाने हे स्नायू मिळालेला ऑक्सिजन नीट वापरू लागतात. म्हणूनच इकोच्या रिपोर्टमधला आकडा फारसा न बदलताही माणूस जिना चढू शकतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या 'एचएफ-ॲक्शन' या अभ्यासात 2331 रुग्ण होते, सगळ्यांचे हृदय बरेच कमकुवत. व्यायाम त्यांच्यासाठी सुरक्षित ठरला. आयुष्य वाढण्याचा फायदा मात्र ठळक दिसला नाही. रोजचे जगणे थोडे सुसह्य झाले, हे जास्त खरे.

सुरुवात डॉक्टरांना विचारूनच करावी. आधी सपाट रस्त्यावर पाच-दहा मिनिटे चालणे पुरे. दर आठवड्याला थोडी वेळ वाढवत, आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत जावे. पहिली आणि शेवटची काही मिनिटे संथ असावीत. वेग किती? चालताना सोबतच्याशी बोलता आले पाहिजे. स्मार्टवॉचवरच्या ठोक्यांवर विसंबू नये, कारण बीटा ब्लॉकर गोळ्यांमुळे ते कमीच दिसतात. खुर्चीतून उठणे-बसणे, हलकी वजने उचलणे हेही चांगले, फक्त श्वास रोखून जोर लावू नये.

छातीत दुखले, चक्कर आली, धडधड वाढली तर लगेच थांबावे. दुखणे थांबत नसेल तर थेट रुग्णालय गाठावे. रोज सकाळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले तर ती चरबी नव्हे, अंगात साठलेले पाणी असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी व्यायाम बंद ठेवून डॉक्टरांना कळवावे. बसल्याजागी दम लागत असेल किंवा ताप असेल, तरी सुट्टीच.

छातीत आयसीडी यंत्र बसवलेल्यांनी, ते किती ठोक्यांना शॉक देते हे विचारून घ्यावे आणि व्यायाम त्या आकड्याच्या बराच खाली ठेवावा.