लाळेची किंमत

माझ्या धाकट्या भावाला १९९६ साली घशाचा कर्करोग झाला. किरणोपचारांनी तो बरा झाला आणि पुढे बारा वर्षे जगला. पण पंगतीला बसणे त्याने सोडले. तोंडात लाळच उरली नव्हती. भाकरीचा प्रत्येक घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवावा लागे. रात्री उशाशी तांब्या. डॉक्टरांना विचारले तर म्हणाले, "जीव वाचला ना?" तेही खरेच होते. तरी ते उत्तर मनात राहिले. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या विषयावर जमेल तसे वाचत गेलो.

कानांच्या पुढे दोन बाजूंना दोन मोठ्या लालाग्रंथी असतात. जेवताना तोंडाला सुटणारे पाणी मुख्यतः त्यांचे. पूर्वी किरण दोन्ही गालांकडून सोडत, त्यामुळे गाठीबरोबर या ग्रंथीही होरपळत.

पहिला उपाय औषधाचा. ब्राझीलमधल्या जॅबोरँडी झुडपाची पाने चघळली की लाळ सुटते, हे तिथल्या आदिवासींना ठाऊक होते. त्या पानांतून १८७५ मध्ये पिलोकार्पिन वेगळे काढले गेले. अमेरिकेत १९९४ मध्ये ते या कोरडेपणावर मंजूर झाले. पण त्याने घाम फार येतो, आणि ग्रंथी पार मेलेली असेल तर औषध जागे कोणाला करणार?

मग ग्रंथीच वाचवायचा विचार पुढे आला. मिशिगन विद्यापीठातील आइसब्रुख व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की ग्रंथीला सरासरी २६ ग्रेपेक्षा कमी मात्रा मिळाली तर लाळ बरीचशी परत येते. गाठीला मात्र ६५-७० ग्रे लागतात. किरणांची तीव्रता जागोजागी कमीजास्त करणाऱ्या 'आयएमआरटी' तंत्राने हे दोन्ही साधू लागले. ब्रिटनमधील 'पारस्पोर्ट' चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. रुग्ण ९४. वर्षभरानंतर त्रासदायक कोरडेपणा जुन्या पद्धतीत ७४ टक्के, नव्या पद्धतीत ३८ टक्के. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नाही. आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयातही ६० रुग्णांवर अशी तुलना झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निष्कर्षही त्याच दिशेचा होता.

मिशिगनचा तो निबंध आला तेव्हा भावाच्या उपचारांना तीन वर्षे होऊन गेली होती. दोष कोणाला द्यायचा?

असो. तुमच्या घरी कोणाचे हे उपचार सुरू व्हायचे असतील, तर लालाग्रंथी वाचवता येतील का, एवढे डॉक्टरांना आधीच विचारा. असे काही विचारता येते, हेच आम्हाला ठाऊक नव्हते.