वाट कोणीं लक्षांत ठेवावी?

परभणी जिल्ह्यांतील वालूर हें गांव तेथील बारवांमुळें जाणत्यांस ठाऊक आहे. त्यांपैकीं एका बारवेच्या पायऱ्या शंखाच्या वळशाप्रमाणें फिरत फिरत पाण्याकडे उतरतात. ती पाहावयास मुंबईहून निघणाऱ्या प्रवाशास माहितगार मनुष्य एवढेंच सांगतो, "आधीं मनमाड गांठा, मग सेलू, आणि तेथून वालूर." मधलीं स्टेशनें तो मोजीत बसत नाहीं. मनमाडकडे गाड्यांचा खोळंबा असेल तर तोच म्हणेल, "पुण्यावरून परभणी करा, मग सेलू." यादींतील एकदोन नांवें बदललीं कीं सारा प्रवास बदलतो, आणि वाटेवरील एकाहि स्टेशनमास्तरास ह्या प्रवाशाची आगाऊ वर्दी द्यावी लागत नाहीं. संगणकांच्या जाळ्यांत ज्यास 'सेगमेंट राउटिंग' म्हणतात, तें तत्त्वतः एवढेंच आहे. परंतु इतकी साधी गोष्ट मान्य व्हावयास तीस वर्षांहून अधिक काळ कां लागला, हा प्रश्न मात्र साधा नाहीं.

ह्या कथेचा आरंभ आपल्या मुंबईंतहि सांपडतो. 1986 सालीं केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्यानें 'अर्नेट' नामक जाळ्याची योजना हातीं घेतली. जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून पत्रें जाऊं लागलीं, तीं 'यूयूसीपी' पद्धतीनें. ह्या पद्धतींत पत्र पाठविणारानेंच वाटेवरील एकूणएक संगणकांचीं नांवें ओळीनें लिहावयाचीं आणि दोन नांवांमध्यें उद्गारचिन्ह घालावयाचें. जुहूच्या एका संगणकाचें नांव 'शक्ति' होतें. परदेशस्थ मित्रास तेथें पत्र धाडावयाचें तर प्रथम अमेरिकेंतील 'यूयूनेट', मग 'शक्ति', मग मनुष्याचें नांव, अशी माळ ओवावी लागे. तो पत्ता कसला, प्रवासवर्णनच तें! मधला एक संगणक बंद पडला कीं पत्र तेथेंच अडकून पडे, व लिहिणारास नवी वाट स्वतःच शोधावी लागे.

इंटरनेटनें ह्याच्या उलट मार्ग पत्करला. पॅकेटावर केवळ अंतिम मुक्कामाचा पत्ता असावा आणि प्रत्येक राउटरनें आपल्या बुद्धीनें पुढचें पाऊल ठरवावें, असा तो नियम. सप्टेंबर 1981 च्या मूळ प्रोटोकॉलांत, पाठविणारास वाट सुचवितां यावी अशी एक पळवाट ठेवलेली होती खरी. पण तिचें नांव लौकरच बदनाम झालें. कोणाहि परक्यानें वाटेवरील यंत्रांस हुकूम सोडावा, हें जाळें चालविणारांस मानवणें शक्यच नव्हतें. आय. पी. च्या सहाव्या आवृत्तींतहि अशीच सोय होती. तिचा आधार घेऊन एकच पॅकेट दोन राउटरांमध्यें पुनःपुन्हा हेलपाटत ठेवतां येतें व त्यांमधील तार तुंबवितां येते, असें आढळल्यावर डिसेंबर 2007 मध्यें ती सोय रद्द करण्यांत आली.

तथापि गरज संपली नव्हती. सर्व रहदारी जवळच्याच वाटेनें लोटली तर ती वाट कोंडते व दूरची ओस पडते. म्हणून 2001 च्या सुमारास वाट आधीं आंखून, ती वाटेवरील प्रत्येक राउटरच्या स्मृतींत नोंदवून ठेवण्याची पद्धत आली. माझ्या मतें ती कारकुनी वृत्तीची होती. सीमेवर 100 राउटर असले आणि प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत एकेक वाट आंखावयाची म्हटली, तर 9,900 वाटा होतात. आणि त्या सर्वांचें दप्तर मधल्या बिचाऱ्या यंत्रांनीं अहोरात्र ताजें ठेवावयाचें!

2013 सालीं इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळानें ह्या कामासाठीं एक गट नेमला. सिस्को कंपनीचे क्लॅरेन्स फिल्सफिल्स हे ह्या विचाराचे प्रमुख पुरस्कर्ते. जुलै 2018 मध्यें त्याची रचना अधिकृतपणें प्रसिद्ध झाली. तींत प्रत्येक राउटरास एक क्रमांक असतो, आणि विशिष्ट तारेसहि वेगळा क्रमांक देतां येतो. जाळ्यांत शिरतांना सीमेवरील राउटर पॅकेटाच्या माथ्यावर क्रमांकांची चळत ठेवतो. सर्वांत वरचा क्रमांक ज्याचा, त्याच्याकडे पॅकेट नेहमींच्या जवळच्या वाटेनें जातें. तो टप्पा पुरा झाला कीं तो क्रमांक निघतो व खालचा उघडा पडतो. मधल्या यंत्रांस ह्या विशिष्ट प्रवासाची कांहींच आठवण ठेवावी लागत नाहीं. आणि मुख्य गोष्ट ही कीं, ती चळत रचण्याचा अधिकार घरच्या सीमारक्षकाकडेच राहतो. बाहेरून आलेली यादी वेशीवरच नाकारावयाची असते. 2007 सालीं जी कल्पना हद्दपार झाली, ती अशा रीतीनें वेशीचा पहारा मान्य करून परत आली.

ही सोय फुकट मिळते असें नव्हे. आय. पी. च्या सहाव्या आवृत्तींतील रूपांत प्रत्येक टप्प्यास 16 बाइट लागतात. पांच टप्प्यांची यादी म्हणजे 80 बाइटांचें ओझें, तेंहि प्रत्येक पॅकेटावर. म्हणून यादी आंखूड करण्याच्या युक्त्या पुढें निघाल्या. परंतु तार तुटते तेव्हां हें ओझें सार्थकीं लागतें. तुटल्या जागेशेजारचा राउटर आधींच तयार ठेवलेली वळसा-यादी पॅकेटावर चढवितो, आणि सामान्यतः 50 सहस्रांश सेकंदांच्या आंत रहदारी दुसरीकडून वाहूं लागते.

अर्थात् वळसा घ्यावयास दुसरी वाट मुळांत असावी लागते. खेड्यांपर्यंत प्रकाशतंतु नेणाऱ्या भारतनेटच्या पहिल्या टप्प्यांत तालुक्यापासून ग्रामपंचायतींकडे बहुधा एकेरीच फांटे गेले होते. रस्त्याच्या खोदकामांत कुदळ लागली कीं पलीकडचीं गांवें मुकीं. ऑगस्ट 2023 मध्यें मंजूर झालेल्या सुधारित योजनेंत ग्रामपंचायती वलयाकार मार्गांनीं जोडावयाच्या व त्यांवर लेबलांनीं चालणारे राउटर बसवावयाचे, असें ठरलें. सेगमेंट राउटिंगची चळतहि त्याच घडणीच्या लेबलांची होऊं शकते. अशा वलयावरील गांवाची एका बाजूची तार तुटली, तरी पॅकेट दुसऱ्या बाजूनें वळसा घेऊन वेशींत येऊं शकेल.