पंचवीस घोड्यांना एक पखालजी

पदव्युत्तर वर्गात बखर वाङ्मय शिकवताना आम्ही दोघेही सभासदाच्या बखरीपाशी थोडे अधिक रेंगाळतो. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे १६९७ च्या सुमारास लिहिलेली ही बखर म्हणजे मराठी गद्याच्या आटोपशीरपणाचा उत्तम नमुना. तिच्या छोट्या वाक्यांविषयी आणि अलंकारांच्या मोहात न पडणाऱ्या निवेदनाविषयी बोलताना तास कधी संपतो हे कळत नाही. मात्र पागेच्या व्यवस्थेचा भाग आला की आमचा वेग वाढतो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पंचवीस घोड्यांस एक पखालजी व एक नालबंद. ही नुसती यादी आहे, परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही, असे मनाशी धरून आम्ही अफझलखान प्रकरणाकडे वळत असू.

एकदा एका विद्यार्थ्याने तेथेच थांबवले. त्याच्या घरी बैलजोडी होती. त्याने विचारले, “पंचवीस घोड्यांना एकच पखालजी पुरत असेल का?” आम्हांस उत्तर देता आले नाही. घोडा दिवसाला किती पाणी पितो, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. घोड्यांच्या टापांनी दुमदुमणारे वाङ्मय इतकी वर्षे शिकवूनही तो घोडा खातो काय, पितो किती आणि तो बरा आहे हे ओळखायचे कसे, याचा आम्ही कधी विचार केलेला नव्हता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

घोड्याचे आरोग्य ओळखण्याची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. तिचा आद्य पुरुष म्हणून शालिहोत्राचे नाव घेतले जाते. घोड्यांच्या वैद्याला ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द याच नावावरून आला. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा ग्रंथ सांगितला जातो आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ उपलब्ध आहे. महाभारतातल्या विराटपर्वात नकुल ‘ग्रंथिक’ हे नाव घेऊन अश्वरक्षक म्हणून राहतो, ही कथा सर्वांस परिचित आहे. या परंपरेत दोन दृष्टी शेजारी शेजारी नांदतात. एक दृष्टी शुभाशुभ लक्षणांची: अंगावरचे भोवरे, रंग, कपाळावरचा टिळा. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आजही मानेखालचा देवमण शोधते, ते याच दृष्टीने. दुसरी दृष्टी रोजच्या पाहण्याची: त्याने दाणा खाल्ला का, लीद कशी पडली, खूर गरम लागतो का, उभा राहताना एखादा पाय उचलून धरतो का.

नलोपाख्यानात या दोन्ही दृष्टी एकत्र येतात. ऋतुपर्ण राजाला अयोध्येहून विदर्भात कुंडिनपुरास एका दिवसात पोहोचायचे आहे. बाहुकाच्या रूपातला नळ पागेत जाऊन घोडे निवडतो, तर ते कृश निघतात. राजा रागावतो, असली दुबळी जनावरे आपल्याला काय नेणार, असे त्याला वाटते. नळ त्यांच्या भोवऱ्यांकडे बोट दाखवतो खरा. पण कथेतला मर्माचा भाग असा की, राजा केवळ अंगावरचे मांस पाहतो आणि नळ त्यापलीकडे घोड्याची शक्ती पाहतो. पुष्टता म्हणजे आरोग्य नव्हे, ही गोष्ट कथाकाराला ठाऊक होती. घोडेवाल्यांना आणि धन्यांना ती आजही समजावून सांगावी लागते.

दुसरी दृष्टी अधिक व्यवस्थित रूपात भेटते ती कौटिल्याच्या अर्थशास्त्रात. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूरहून प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचे प्रकरण आहे. प्रत्येक घोड्याचे कुळ, वय, वर्ण, खुणा आणि तो कोठून आला, याची नोंद अश्वाध्यक्षाने ठेवावी. पंगू आणि आजारी घोड्यांची खबर द्यावी. अश्वशाळेची रुंदी घोड्याच्या लांबीच्या दुप्पट असावी, मध्ये त्याला लोळण्यास जागा असावी; प्रत्येक ठाणाला फळ्यांची गुळगुळीत जमीन, चाऱ्याची गव्हाण आणि मलमूत्र वाहून जाण्याची सोय असावी. व्यालेल्या घोडीला तीन रात्री प्रस्थभर तूप द्यावे. उपचारातील हयगयीने रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड व्हावा आणि वैद्याच्या चुकीने जनावर दगावले तर त्याची किंमत भरून घ्यावी. आश्विनातल्या नवमीस घोड्यांचे नीराजन करावे असेही तेथे सांगितले आहे. आपल्या खंडेनवमी-दसऱ्याच्या अश्वपूजनाशी त्याचे नाते सहज लक्षात येते. परंतु ओवाळणी वर्षातून एकदा, आणि शेण-लीद उपसणे रोजचे. कौटिल्याने दोन्हींना जागा दिली. आम्ही मात्र पहिलीचेच वर्णन वाचत आलो.

आता सभासदाकडे परत येऊ. पखालजी आणि नालबंद हीच दोन माणसे त्याला नोंदवावीशी का वाटली असतील? याचे उत्तर घोड्याच्या शरीररचनेत आहे. घोड्याचे जठर त्याच्या देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला वांती करता येत नाही. निसर्गतः तो दिवसाचे बहुतेक तास थोडे थोडे चरणारा प्राणी आहे. पाणी कमी पडले, कोरड्या चाऱ्यावर एकदम भरपूर दाणा दिला, तर आत गेलेले परत बाहेर येण्यास मार्ग नाही. पोटशूळ उठतो आणि पाहता पाहता जनावर हातचे जाते. खुराची गोष्टही तशीच. सारा देह ज्या चार नखांवर उभा, ती नखे वाढतात, झिजतात, भेगाळतात. सह्याद्रीच्या खडकाळ वाटांवर नालबंद नसेल तर आठवड्याभरात बारगीर पायउतार व्हायचा. म्हणजे ही यादी म्हणजे वर्णनाची भर नव्हती. पागा कशावर उभी आहे, हे त्या यादीत सांगितलेले होते.

सभासद आणखी एक गोष्ट सांगतो. पावसाळ्यात लष्कर छावणीस परतावे. तेव्हा घोड्यांसाठी दाणा, रातीब आणि औषधे तयार असावीत, गवताने शाकारलेली घरे असावीत. दसरा झाला की लष्कराने कूच करावे. मराठी स्वारीचे वर्षाचे वेळापत्रक आपण राजकारणाच्या अंगाने वाचतो. ते घोड्याच्या विश्रांतीचेही वेळापत्रक होते.

हे वेळापत्रक कोलमडू लागले की काय होते, याचे दर्शन शिवाजी महाराजांच्या एका पत्रात घडते. १६७० च्या दशकात चिपळूण भागात छावणी करून राहिलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेले हे पत्र सर्वश्रुत आहे. रयतेला त्रास न देण्याच्या ताकिदीसाठी ते नेहमी उद्धृत केले जाते. परंतु त्या ताकिदीची सुरुवात घोड्याच्या तोबऱ्यापासून होते, हे सहसा सांगितले जात नाही. पावसाळ्यासाठी केलेला साठा आधीच बराचसा खर्च झालेला आहे, वैशाखाचे वीस दिवस बाकी आहेत, कारकुनांकडून आणि गडागडांवरून गल्ला देववून कशीबशी बेगमी केली आहे, असे महाराज प्रथम सांगतात. मग बजावतात की, आहे तोवर मनास येईल तसे चाराल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही. उपास पडतील, घोडी मरू लागतील, आणि मग ती घोडी तुम्हीच मारली असे होईल.

या वाक्यातील हिशेब समजून घेण्यासाठी आम्ही आजचे आकडे घेऊन एक ढोबळ गणित मांडले. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. तीनशे किलोंचे देशी तट्टू धरले तर सुमारे सहा किलो. पंचवीस घोड्यांना दिवसाला दीडशे किलो, पावसाळ्याच्या चार महिन्यांना अठरा हजार किलो. म्हणजे एकशेपंचवीस घोड्यांच्या एका जुमल्याला नव्वद टन. दाणा वेगळाच. हे गवत कोरडे राहिले पाहिजे, कारण बुरशी धरलेला चारा घोड्याच्या आतड्यांना आणि श्वासाला बाधतो. त्यामुळेच पत्राच्या उत्तरार्धात आगीविषयी इतकी बारीक सूचना येते: कोणी स्वयंपाक करील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, रात्री जळता दिवा ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल, गंजी पेटतील आणि मग घोडी वाचणार नाहीत. उंदराच्या तोंडातली वात पाहणारी ही नजर पागेतल्या रोजच्या व्यवहारात मुरलेली आहे.

आणि या दोन ताकिदींच्या मध्ये रयत आहे. पागेतला साठा संपला की बारगीर कुणब्याच्या घरी शिरणार, दाणा, गवत, लाकूड, भाजी उचलणार. घोड्याची उपासमार आणि कुणब्याची लूट या एकाच बेहिशेबीपणाच्या दोन बाजू आहेत, असे हे पत्र सांगते. जनावराची निगा म्हणजे त्याला हवे तितके चारणे नव्हे. उद्याचे राखून आजचे देणे, आणि ते दुसऱ्याच्या तोंडचे न काढता देणे. घोड्याच्या आरोग्याविषयी मराठीत याहून मोलाचे काही लिहिले गेले असल्यास ते आमच्या वाचनात नाही.

या पत्रानंतर नव्वदएक वर्षांनी पानिपत झाले. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ सालच्या आपल्या ग्रंथात त्या मोहिमेची चिकित्सा केली, तेव्हापासून तिच्या कारणांची चर्चा थांबलेली नाही. आमच्या विषयापुरते एवढेच सांगायचे की, नोव्हेंबर १७६० पासून सैन्य पानिपतला अडकून पडले, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले, रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी जे घोडे रणात उतरले, ते आधीच उपासाने खचलेले होते. घोडदळाचा पराभव पुष्कळदा मैदानाआधी गव्हाणीत होतो.

योगायोग असा की, त्याच १७६१ साली फ्रान्समध्ये ल्यों येथे पशुवैद्यकाची शाळा काढण्यास राजाची परवानगी मिळाली. ती काढणारा क्लोद बूर्जला हा मुळात घोडेस्वारी शिकवणारा होता. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले ते १८८६ साली. त्यानंतर निरीक्षणाला मोजमापाची जोड मिळाली. विश्रांतीतल्या निरोगी मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. १९८३ साली हेनेके व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावरच्या मांसाची एक ते नऊ अशी श्रेणी आखली. मधल्या श्रेणीतल्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला लागतात. ऋतुपर्ण आणि बाहुक यांच्या वादाचा हा जणू शास्त्रीय निवाडा! २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची पद्धत मांडली: मागे ताठ झालेले कान, आक्रसलेले डोळे, आवळलेला जबडा, ताणलेल्या नाकपुड्या. घोडा हा मूळचा शिकार होणारा प्राणी. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभाव. ते ओळखायचे तर तो बरा असताना कसा दिसतो, हे आधी माहीत असावे लागते. साध्या मोतद्दाराला हे ठाऊक होते. रोज खरारा करणाऱ्या हाताला कालची आणि आजची कातडी वेगळी लागते.

भाषेनेही हे ज्ञान सांभाळले होते. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या कोड्याचे उत्तर ‘न फिरवल्यामुळे’ हे आपण लहानपणीच शिकतो. बांधून ठेवून भरपूर दाणा चारलेल्या घोड्याला एकाएकी कामास जुंपले तर त्याचे स्नायू आखडतात, हे वैद्यकाने नंतर सांगितले. ‘खोगीरभरती’ हा शब्द तर आम्ही समीक्षक मंडळी उठल्याबसल्या वापरतो. खोगिरात भरलेला तो ओबडधोबड ऐवज नीट बसला नाही तर घोड्याची पाठ सोलवटते, हे मात्र विसरतो. आमच्या लेखी जी निरर्थक भर, ती त्याच्या पाठीवरची जखम असू शकते.

त्या विद्यार्थ्याला आता आम्ही उत्तर देऊ शकतो. उन्हाळ्यात काम करणाऱ्या घोड्याला तीस लिटर पाणी धरले तरी पंचवीस घोड्यांना साडेसातशे लिटर झाले. तळ नदीकाठी असेल तर एक पखालजी पुरेल. नसेल तर पुरणार नाही. म्हणून तळाची जागा पाण्यावरून ठरणार, वाट तळावरून ठरणार आणि मोहिमेची चाल त्या वाटेवरून. इतिहासाच्या ग्रंथांत ही चाल सेनापतीच्या नावावर नोंदली जाते. पखालजीचे नाव आपल्याला कोठेच सापडत नाही.

यंदा वर्गात पागेचा भाग आला तेव्हा आम्ही वेग वाढवला नाही. आणि परवा एका वरातीत, बँडच्या गदारोळात, झुली घातलेला घोडा दिसला तेव्हा पाय आपोआप थबकले. त्याने कान मागे पाडले होते, मागचा एक पाय टेकवत नव्हता. आम्ही घोडेवाल्याजवळ गेलो आणि विचारले, “दादा, याला पाणी पाजून किती वेळ झाला?”